वाळवंटातील सुट्टीचा दिवस

दुबईत उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातील कामास सामान्यतः कायद्याने मनाई असते. परंतु ती विश्रांती, विरंगुळा नव्हे. विरंगुळा साप्ताहिक सुट्टीचाच. कुटुंब आणावयाचे तर मासिक 4000 दिरहम, अथवा निवासासह 3000 दिरहम, मिळकत लागते. म्हणून सोनापूरसारख्या वसाहतींत बहुसंख्य मजूर एकटेच राहतात. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, मोकळ्या जागेत त्यांचे क्रिकेट रंगते. सायंकाळी एका दिरहमात अब्रा नावाच्या होडीतून खाडी ओलांडता येते. रात्री दूरध्वनीवर घरची मंडळी भेटतात. शहरात थंडगार बाजारपेठा पुष्कळ आहेत. पण रित्या खिशाला तेथे गारवा तेवढा फुकट मिळतो. आपला माणूस भेटतो तो मैदानावरच.