भीमाकाठचा महाचैत्य

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसरात आय.टी. क्षेत्रातील नोकरीनिमित्त आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती आहे. जोडून सुट्ट्या आल्या की तेथील हौशी तरुण पाठीवर पिशवी टाकून श्रीलंकेतील अनुराधपूर गाठतात, कोणी जावा बेटावरील बोरोबुदूर पाहून येतात. बेताचा खर्च, पायी भटकंती आणि प्राचीन बौद्ध अवशेषांचे दर्शन असा हा प्रवास मनाला समृद्ध करणारा असतो यात शंका नाही. मात्र हीच मंडळी दिवाळीला उद्यान एक्सप्रेसने घरी निघतात, तेव्हा पहाटे यादगीर ते वाडी या टप्प्यात गाढ झोपेत असतात. आणि लोहमार्गापासून सुमारे 20 किलोमीटरवर, भीमेच्या काठी, सातवाहनकालीन महास्तूप मागे पडतो.

सन्नती हे कलबुर्गी, म्हणजेच पूर्वीच्या गुलबर्गा, जिल्ह्यातील लहानसे गाव. येथील चंद्रलांबा ही कर्नाटक आणि महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता. पंढरपूरला चंद्रभागा म्हणून वंदिली जाणारी भीमाच गाणगापूरवरून पुढे येथे येते. 1986 मध्ये मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले. सावरासावर करताना मूर्तीच्या पीठासाठी वापरलेल्या शिळेवर ब्राह्मी अक्षरे दिसली. ते सम्राट अशोकाचे आदेश होते! त्यांतील दोन स्वतंत्र आदेश तोवर केवळ ओडिशातील धौली आणि जौगड येथेच ज्ञात होते. मूर्ती बसविण्यासाठी कोणे एके काळी त्या शिळेला मधोमध खाच पाडण्यात आली होती. ज्याने ती पाडली, त्याला ती अक्षरे वाचता येत नव्हती, एवढेच म्हणता येईल.

जवळच्याच कनगनहळ्ळी येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने 1990 च्या दशकात उत्खनन केले आणि स्तूपाचे अवशेष प्रकाशात आले. शिलालेखांत त्याचा उल्लेख ‘अधोलोक महाचैत्य’ असा येतो. चुनखडीच्या दगडातील शिल्पपट्टांपैकी एकावर राणीसमवेत उभा असलेला राजा आहे, दासी चवऱ्या ढाळीत आहेत, आणि वर कोरले आहे: ‘रायो असोको’. नाव कोरलेले असल्याने येथे तर्काला जागा उरत नाही.

मराठी वाचकाला अधिक ओढ वाटावी ती याच स्तूपावरील इतर राजांची. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा एका ओळीत कोरलेल्या होत्या. आज तेथे सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे उरली आहेत; प्रतिमा नष्ट झाल्या आहेत, पावलांच्या काही खुणा तेवढ्या दिसतात. घाट चढून गेलेला प्रत्येक जण त्या रिकाम्या भिंतीपुढे क्षणभर थबकतो. कनगनहळ्ळीला मात्र सिमुक, सातकर्णी आणि पुळुमावी नावांसह शिल्पांत उभे आहेत. सातकर्णी महाचैत्याला रुप्याची कमळे अर्पण करीत आहे. ही शिल्पे प्रत्यक्ष पाहून घडविलेली नव्हेत, संकेतानुसार कोरलेली आहेत, हे खरे. तरीही पैठणच्या राजांना त्यांच्याच काळाने कसे कल्पिले, हे पाहण्यासाठी यासारखे दुसरे स्थान नाही.

पट्टांवर सामान्य दात्यांचीही नावे आहेत. बँकेच्या वाचकांना येथे नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताचा लेख आठवावा. त्याने भिक्षूंच्या वस्त्रादी खर्चासाठी 3,000 कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले: 2,000 दरमहा एक टक्का व्याजाने, 1,000 पाऊण टक्क्याने. मुद्दल काढायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट दगडात कोरलेली आहे. मुदत ठेवीची पावती एवढी टिकाऊ क्वचितच निघाली असेल.

उत्खननानंतर कनगनहळ्ळीचे शिल्पपट्ट अनेक वर्षे उघड्यावर पडून राहिले. संवर्धनाचे काम पुष्कळ उशिरा हाती घेतले गेले. त्यामुळे सर्व काही नीटनेटके मांडलेले असेल अशा अपेक्षेने जाऊ नये. नालवार हे जवळचे स्थानक. सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे किंवा यादगीरला उतरून मोटार ठरवावी. उन्हाळ्यात या भागातील ऊन असह्य होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पिण्याचे पाणी सोबत असावे. सकाळी देवीचे दर्शन, मग स्तूप, आणि दुपार टळता कलबुर्गी गाठली, तर सोलापूरकडे जाणारी रात्रीची गाडी सहज मिळते.