रविवारी शिफ्ट लागली, तर मिस्साचं काय? कॅथलिक चर्चचा नियम नेमका काय सांगतो

चाकण, भोसरी, पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात रविवारीही अनेक मशीन सुरू असतात. कुणाची साप्ताहिक सुट्टी रविवारी, तर कुणाची गुरुवारी. त्यात शिफ्ट बदलत राहते. बहुतेकांसाठी हा फक्त वेळापत्रकाचा भाग. कॅथलिक कामगाराला मात्र एक जास्तीचा प्रश्न पडतो : रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकला तर ते पाप आहे का?

नियम काय आहे?

चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेतलं कलम १२४७ सांगतं की, रविवारी मिस्साला हजर राहणं प्रत्येक कॅथलिकाचं कर्तव्य आहे. १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथानुसार हे कर्तव्य जाणूनबुजून टाळणं गंभीर पाप आहे. मात्र आजारपण, तान्ह्या बाळाची देखभाल अशी गंभीर कारणं असतील, तर सूट आहे. रोजीरोटीसाठी टाळता न येणारी ड्युटीही साधारणपणे अशाच कारणांमध्ये धरली जाते. ‘जाता आलं नाही’ आणि ‘गेलो नाही’ यात चर्च फरक करतं.

शनिवारी संध्याकाळी गेलं तर चालतं?

चालतं. कलम १२४८नुसार आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंही रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं. रविवारी फर्स्ट शिफ्ट असेल, तर हा सर्वात सोपा मार्ग.

तो मिस्सा आपल्याच चर्चमध्ये किंवा आपल्याच भाषेत असायला हवा, असंही नाही. कोणत्याही कॅथलिक विधीचा मिस्सा ग्राह्य असतो. या परिसरात लॅटिन विधीचा पुणे धर्मप्रांत (स्थापना १८८६) आहे. त्याशिवाय केरळच्या परंपरेतल्या सिरो-मलबार चर्चचा कल्याण महाधर्मप्रांत (धर्मप्रांत म्हणून स्थापना १९८८) आणि सिरो-मलंकारा चर्चचा खडकी धर्मप्रांतही इथे काम करतात. म्हणजे नगर जिल्ह्यातून आलेला मराठी कामगार वेळ जुळत असेल, तर मल्याळम मिस्सालाही जाऊ शकतो.

गुरुवारी सुट्टी असेल आणि त्या दिवशी मिस्साला गेलं तर?

गुरुवारचा मिस्सा आपोआप रविवारचा ठरत नाही. पण इथे कलम १२४५ उपयोगी पडतं. धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू योग्य कारण पाहून एखाद्याला कर्तव्यातून सूट देऊ शकतात किंवा त्याऐवजी दुसरं धर्मकार्य नेमून देऊ शकतात. त्यासाठी फादरांना आपलं शिफ्टचं वेळापत्रक सांगायला हवं.

नाईट करून थेट चर्चला जाता येतं?

येतं. ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी फक्त एक तास उपवास लागतो. पाणी आणि औषधं चालतात. पूर्वी हा उपवास मध्यरात्रीपासून असे आणि पाणीही चालत नसे. १९५३पासून तो टप्प्याटप्प्याने शिथिल झाला आणि १९६४मध्ये एक तासावर आला. सकाळी सहाला कँटीनमध्ये नाश्ता केलेल्याला आठच्या मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेता येतो.

मोबाईलवर पाहिलेला मिस्सा धरला जातो?

प्रत्यक्ष हजेरी म्हणून नाही. पण जाणंच शक्य नसेल, तर घरी एकट्याने किंवा कुटुंबासोबत प्रार्थना करावी, असं चर्च सुचवतं. लाइव्ह मिस्सा त्याला आधार देतो.

पण सुट्टी रविवारीच का?

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९०मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हाही त्यांच्या मागणीमागचा एक मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, १८९१मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या विश्रांतीचा हक्क मांडला.

१९४८च्या कारखाने अधिनियमात सुट्टीचा मूळ दिवस रविवारच होता. बदली सुट्टी देऊन रविवारी काम करून घेण्याची मुभा त्यात होती. २०२०च्या नव्या संहितेत आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नको, एवढंच म्हटलं आहे. वार कोणता, ते नाही.

मग खरी अडचण कुठे आहे?

नियमात वाट आहे, पण धर्मग्रामाचं आयुष्य रविवारभोवती फिरतं. मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, गायकवृंदाचा सराव, मिस्सानंतर आवारात होणाऱ्या गप्पा, सगळं त्याच दिवशी. शनिवारी संध्याकाळी घाईने येऊन जाणाऱ्याचं कर्तव्य पूर्ण होतं, ओळखी मात्र होत नाहीत. गाव सोडून एकट्याने खोली करून राहणाऱ्या तरुणाला नेमक्या त्याच हव्या असतात. तो आजारी पडला, तर विचारायला कुणी तरी असायला हवं.

यावर एक उपाय चर्चकडे आधीपासून आहे : लहान ख्रिस्ती समूह. एका भागातली काही कुटुंबं कुणाच्या तरी घरी जमून बायबल वाचतात, प्रार्थना करतात. त्यासाठी रविवारच हवा असं नाही. गुरुवारी सुट्टी असलेल्यांचा समूह गुरुवारीही जमू शकतो.

जबाबदारी एकट्या कामगाराची नाही. कामगारांना विश्रांती आणि उपासनेसाठी वेळ मिळेल हे पाहणं मालकांचंही कर्तव्य आहे, असं धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. सहकाऱ्याशी शिफ्ट बदलून घेणं हा या पट्ट्यातला जुना तोडगा आहे. दिवाळीत एकाने दुसऱ्याची ड्युटी करायची, नाताळात दुसऱ्याने त्याची.