मच्छेचा गुंठा

बेळगावच्या तिसऱ्या रेल्वे गेटाकडून खानापूर रस्त्याला लागले की आधी उद्यमबाग येते, मग पिरनवाडी आणि मग मच्छे. गाव कुठे सुरू होते हे आता नवख्याला कळत नाही. फाउंड्री, मशिन शॉप, वजनकाटा, चहाची टपरी, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत मराठी-कन्नडमध्ये रंगवलेले फलक : ‘एन.ए. प्लॉट विकणे आहे’. कालपरवापर्यंत ग्रामपंचायत असलेल्या या गावाला आता नगरपंचायत आहे. त्यामुळे घरपट्टीचे कागद बदलले आणि जमिनीचे भावही.

हे भाव कशावर उभे आहेत? फलकवाले सांगतात, बायपासवर. प्रत्यक्षात मच्छेला माणसे ओढून आणली ती रोजगाराने. बेळगावच्या ओतकामाचा आणि हायड्रॉलिक्सचा पसारा उद्यमबागेत मावेना, तेव्हा तो मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत सरकला. सुरेश हुंदरे यांची ‘पॉलिहायड्रॉन’ इथलीच. लाच न देता धंदा करून दाखवणारी कंपनी म्हणून तिचे नाव व्यवस्थापनाच्या वर्गांत घेतले जाते. 1998 मध्ये विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. कर्नाटकभरातली अभियांत्रिकी महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत, त्या विद्यापीठाच्या पत्त्यात मच्छेचे नाव आले.

शिफ्टमधला कामगार आणि विद्यापीठातला विद्यार्थी या दोघांना खोली लागते, आणि ती चालत किंवा सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर लागते. म्हणून जुन्या घरावर मजला चढवून दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या गावकऱ्याचे गणित सरळ आहे. पुण्या-मुंबईहून येऊन, ‘चार वर्षांत दुप्पट’ ऐकून मोकळा प्लॉट घेणाऱ्याचे तसे नाही. त्याच्या प्लॉटवर भाडे उगवत नाही, गवत उगवते. आणि शेजारच्याने कुंपण दोन फूट आत सरकवले का, हे बघायला कोणीतरी ठेवावे लागते.

बायपासची गोष्ट मात्र मुळातून ऐकण्यासारखी आहे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे हलगा आणि पणजीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मच्छे यांना जोडणारा हा साडेनऊ किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. अवजड वाहने शहरात न शिरता गोव्याकडे जावीत, हा हेतू. पण नकाशावरची रेघ हलगा, वडगाव, शहापूर, अनगोळ, माजगाव या शिवारांतून गेली. बेळगावचा बासमती म्हणून ओळखला जाणारा तांदूळ पिकतो ती ही तिबार पिकाची काळी जमीन. शेतकरी कोर्टात गेले. रस्त्याचा ‘झिरो पॉइंट’ नेमका कुठला, त्याची अधिसूचना रीतसर निघाली का, यावर वाद चालला. 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकात यंत्रे घातली गेली आणि पुढे स्थगितीने ती थांबलीही. पुढेही हाच पाठशिवणीचा खेळ. ज्यांनी 2010 च्या सुमारास ‘बायपास टच’ म्हणून जागा घेतल्या, त्यांनी दहा-बारा वर्षे नुसती रेघ सांभाळली. नियोजित रिंगरोडच्या बाबतीतही शेजारच्या झाडशहापूर, वाघवडे, संतिबस्तवाड भागात असाच विरोध आहे. रस्ता होईलही, पण शेतकऱ्याच्या दाव्याचा निकाल कधी लागेल हे कोणत्याच एजंटाच्या हातात नसते.

आता कागद. इथे गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. पण रीतसर ले-आऊट पाडायचा तर रस्ते, बगीचा आणि नागरी सुविधांची जागा सोडावी लागते, म्हणजे एकरातून विकायला निम्म्याहून थोडेच जास्त उरते. शेतजमीन बिगरशेती करून घेण्याचा खर्च आणि बुडाची, म्हणजे नगरविकास प्राधिकरणाची, मंजुरी वेगळी. त्यामुळे एन.ए. (बिगरशेती) प्लॉट महाग पडतो आणि त्याच्या शेजारीच, दोर धरून आखलेला, ‘बाँडवर’ मिळणारा गुंठा स्वस्त दिसतो. बाँडवर म्हणजे स्टँप पेपरवर करारपत्र आणि सोबत वटमुखत्यारपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले की अशा कागदांनी मालकी जात नाही, त्याला नोंदणीकृत खरेदीखतच हवे. तरी असले व्यवहार थांबलेले नाहीत. घर बांधून होते, वीज येते, आणि बँकेत कर्जाला गेल्यावर उताऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या चार भावांची नावे असल्याचे समजते.

कर्नाटकाने 2020 मध्ये भूसुधारणा कायद्यातली 79अ आणि 79ब ही कलमे काढली. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला हे अजून सहज जमत नाही, म्हणून तिकडच्या पैशाला ही वाट आकर्षक वाटते. पण शेतजमीन घेण्याची मुभा म्हणजे त्यावर घर बांधण्याची परवानगी नव्हे, आणि नेमकी हीच सरमिसळ विक्रीच्या बोलण्यात होते.

मच्छेसारख्या ठिकाणी आणखी एक गाठ आहे. गावठाणातल्या घरांच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या काळात ‘ई-स्वत्तू’त होत. नगरपंचायत आल्यावर ‘ई-आस्ती’तला खाता, म्हणजे मिळकतीची कर-नोंद, लागतो. 2025 च्या सुरुवातीला सरकारने विनापरवाना मिळकतींना ‘बी-खाता’ देण्याची मोहीम काढली. या खात्यामुळे मिळकत कराच्या जाळ्यात येते, पण बेकायदा ले-आऊट कायदेशीर होत नाही. विक्रेता ‘खाता आहे’ म्हणाला तर रीतसर मिळकतीचा ए की हा बी, हे तिथल्या तिथे विचारावे.

त्यावर ऑगस्ट 2025 अखेरीपासून नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्के झाले. वीस लाखांच्या प्लॉटला चाळीस हजार, मुद्रांक शुल्क वेगळे. उतारा, ई.सी. (बोजा दाखला) आणि बरेचसे दस्त कन्नडमध्ये. मराठी घरांत ते वाचून दाखवणारा एखादा भाचा किंवा वकील असतो. त्याच्याकडून चतु:सीमा मात्र जागेवर उभे राहून वाचून घ्यावी, कारण कागदातला पूर्वेचा तीस फुटी रस्ता कधी कधी जागेवर शेजाऱ्याचा भाताचा तुकडा निघतो.