पांझरेकाठचा इंजिनिअर आणि पलीकडचा काठ

दरवर्षी १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाला, जळगाव-धुळ्याच्या पाटबंधारे कार्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत म्हैसुरी पेटा घातलेल्या एका वृद्धाच्या फोटोला हार पडतो. भाषणे होतात, शिस्तीचे आणि वक्तशीरपणाचे गोडवे गायले जातात, चहा होतो आणि मंडळी आपापल्या टेबलावर परततात. हा माणूस आपल्या खानदेशाच्या मातीत नोकरीचे पहिले धडे गिरवून मोठा झाला, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. आणि त्याने एक मोठी खुर्ची कोणत्या प्रश्नावर सोडली, हे तर त्या भाषणांत कधीच येत नाही. आम्हाला आज या दोन्ही गोष्टी सांगायच्या आहेत.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. जन्म १८६१, म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी. वडील लहानपणीच गेले. शिकवण्या करून बंगळूरला बी. ए. केले. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंग शिकले आणि १८८३ च्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. नाशिकनंतर त्यांची नेमणूक खानदेशात झाली. तेव्हा जळगाव आणि धुळे हे वेगळे जिल्हे नव्हते. दोन्ही मिळून एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते.

साक्री तालुक्यातील दातर्ती येथे पांझरेच्या पाटाचे काम त्यांच्याकडे आले. पाटाचे पाणी नदीच्या पात्राखालून नळाने पलीकडे न्यायचे होते. इंजिनिअर त्याला सायफन म्हणतात. ऐन पावसाळ्यात पुराने गाळ भरू लागला, तेव्हा तरुण विश्वेश्वरय्यांनी पाऊस संपेपर्यंत काम थांबवू द्या, अशी विनंती केली. वरिष्ठांना ती रुचली नाही. शेवटी त्यांनी काम हाती घेतले आणि पुरे करून दाखवले. ऑफिसात बसून नकाशावर रेघा मारणारा हा माणूस नव्हता. उघड्या रानात, नदीच्या काठावर उभे राहून काम करणारा होता. रोज चालण्याचा नेम त्यांनी म्हातारपणीही सोडला नाही. शंभरी ओलांडूनच १९६२ मध्ये ते गेले.

मधल्या काळात खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, नीरा कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत आणली, कावेरीवर कृष्णराजसागर धरण उभे केले. १९३४ मध्ये नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले. १९५५ मध्ये भारतरत्न मिळाले. या कर्तृत्वापुढे आम्हीही मान लववतो. गुणाला गुण म्हणायला चळवळ कधी घाबरली नाही.

त्यांना संसाराचे सुख फारसे लाभले नाही, मूलबाळही नव्हते; पण आई आणि नातेवाईक यांचा गोतावळा होता. १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाणपद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी घरच्यांना गोळा केले आणि कोणीही माझ्याकडे वशिला घेऊन येणार नाही, असे वचन घेतले, असे सांगितले जाते. आजच्या पुढाऱ्यांनी कित्ता गिरवावा असाच हा प्रसंग आहे.

पण वाचकहो, इथेच खरा प्रश्न सुरू होतो.

म्हैसूरच्या सरकारी नोकऱ्यांत तेव्हा ब्राह्मणांचेच वर्चस्व होते. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी महाराजांकडे आपला वाटा मागितला. कृष्णराज वाडियार यांनी १९१८ मध्ये न्यायमूर्ती लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दिवाण विश्वेश्वरय्यांना हे पटले नाही. आधी शिक्षण वाढवावे, नोकरीत मात्र गुणवत्ताच पाहावी, अशी त्यांची भूमिका होती. या मतभेदातून त्याच वर्षी त्यांनी दिवाणपद सोडले. पुढे १९२१ मध्ये म्हैसूर सरकारने वरच्या जागांपैकी निम्म्या आणि खालच्या जागांपैकी दोन तृतीयांश जागा सात वर्षांत मागास समाजांकडे जाव्यात, असा हुकूम काढला. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच पन्नास टक्के जागा राखून ही वाट दाखवली होती.

घरच्यांचा वशिला बंद करणाऱ्या या प्रामाणिक माणसाला जातीचा वशिला का दिसला नाही? कारण जातीला चिठ्ठी लागत नाही, वचनही मोडावे लागत नाही. ती आधीच खुर्चीवर बसलेली असते. दातर्तीला त्यांनी पाहिलेच होते की, पाटातले पाणी आपण होऊन नदी ओलांडत नाही. त्यासाठी पात्राखालून नळ टाकावा लागतो, पूर असला तरी टाकावा लागतो. मग शिक्षण आणि अधिकार तेवढे आपोआप पलीकडच्या काठाला पोहोचतील, असे कसे मानायचे? प्रतिनिधित्व म्हणजे दुसरे काय? तो नळच आहे.

धुळ्याच्या याच परिसरात, ३१ जुलै १९३७ रोजी, बाबासाहेब एका खटल्यासाठी आले होते. लळिंगच्या कुरणातील लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. त्याची आठवण म्हणून आजही दरवर्षी तिथे भीमसैनिक जमतात. पाच वर्षांनी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज ही खातीही त्यांच्याकडे आली. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकच्या परिषदेत ओरिसाच्या महापुरांवर बोलताना त्यांनी आधीच्या चौकशा मोजून दाखवल्या. त्यात विश्वेश्वरय्यांच्या १९३७ आणि १९३९ च्या अहवालांचाही नामोल्लेख केला. मग आदर राखून, पण स्पष्ट शब्दांत सांगितले की, या सगळ्यांची दिशाच चुकली. पाणी जास्त झाले म्हणून ते संकट मानायचे नाही. ते साठवायचे आणि लोकांच्या कामी आणायचे. मोठ्या माणसाचा मान राखूनही त्याच्याशी मतभेद कसा मांडावा, याचा हा वस्तुपाठ आहे.

आज जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांतून पहिल्या पिढीचे इंजिनिअर निघाले आहेत. कोणी गिरणेच्या कालव्यावर उन्हातान्हात उभे राहिले, कोणी तापीच्या धरणावर. कोणाचा बाप दुसऱ्याच्या बांधावर राबत होता. हे लोक राखीव जागेवर लागले म्हणून त्यांचे कालवे गळके झाले नाहीत. आईबापाला सांभाळून, भावंडांना शिकवून, मुलांना वाढवून त्यांनी नोकऱ्या केल्या आणि निवृत्त झाले. त्यांच्या फोटोला कोणत्या दिवशी हार पडतो?

येत्या अभियंता दिनी आमच्या बांधवांनी हार जरूर घालावा. पण भाषणाची पाळी आली, तर दातर्तीबरोबर १९१८ चे म्हैसूर सांगावे आणि १९४५ चे कटकही सांगावे. आपल्या कार्यालयातील वरच्या खुर्च्यांवर कोण बसले आहे, ते एकदा मोजावे. पलीकडचा काठ अजून कोरडा दिसला, तर समजावे की नळाचे काम अर्धेच झाले आहे, आणि ते पुरे करणे आता आपल्याच हाती आहे.