चूक झाली, हे आधी कोणी बोलायचे?

१९६६ मध्ये अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचे मालक महंमद हाशम प्रेमजी वारले. अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकत असलेला त्यांचा मुलगा अझीम शिक्षण अर्धवट सोडून परतला. वय अवघे २१. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने त्याला सर्वांसमोर सुनावले, की हा कारभार तुला झेपणार नाही, तुझे शेअर्स विकून टाक. प्रेमजी पुढे हा प्रसंग स्वतःच सांगत असत.

१९४५ मध्ये सुरू झालेली ती कंपनी म्हणजे आजची विप्रो. तिचे शेअर्स जपून ठेवणारे अमळनेरकर कोट्यधीश झाले, हे खानदेशात सगळ्यांना ठाऊक आहे. कंपनीच्या आत विश्वास कसा रुजला, याची चर्चा मात्र कमी होते. लाच द्यायची नाही, हा तिथला नियम. कर्नाटकात तुमकूरच्या कारखान्याची वीजजोडणी त्यापायी रखडली, तेव्हा कंपनीने जादा खर्च सोसून जनरेटरवर काम चालवले, पण नियम मोडला नाही. मालकच तोटा पत्करतो आहे, हे दिसल्यावर कामगाराला नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

जळगावचे उदाहरण आणखी बोलके आहे. जामनेर तालुक्यातील वाकोदचे भवरलाल जैन यांनी सरकारी अधिकारी होण्याची संधी सोडली आणि १९६३ मध्ये घरच्या ७ हजार रुपयांच्या बचतीवर रॉकेलविक्री सुरू केली. पुढे पाइप आणि ठिबक सिंचनातून जैन इरिगेशन उभी राहिली. नव्वदच्या दशकात मात्र वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान, ग्रॅनाइट अशा अनोळखी धंद्यांत शिरून कंपनी अडचणीत आली. त्या वेळी जैन यांनी बाजाराला किंवा हाताखालच्यांना दोष दिला नाही. निर्णय चुकला म्हणून त्यांनी भागधारकांची जाहीर माफी मागितली आणि कंपनी पुन्हा शेतीच्या मूळ कामाकडे वळवली.

शेतकऱ्यांशीही तोच रोखठोकपणा. पांढऱ्या कांद्याच्या करारशेतीत किमान भाव आधीच ठरतो आणि बाजार चढला तर शेतकऱ्याला त्या चढ्या दराशी निगडित भाव मिळतो. माल काढायच्या वेळी काय मिळणार, याचा अंदाज त्याला लावणीआधीच असतो.

अर्थात विश्वासाने कर्ज फिटत नाही. २०१९ मध्ये जैन इरिगेशन पुन्हा कर्जाच्या विळख्यात सापडली आणि २०२२ पर्यंत बँकांशी पुनर्रचनेची बोलणी चालली.

नेता चुकांबद्दल मोकळा असला, की खालच्यांची जीभ कशी मोकळी होते, हे हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांच्या अभ्यासातून दिसते. नव्वदच्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका तपासताना त्यांना कोडे पडले: चांगल्या चमूंमध्ये नोंदलेल्या चुका जास्त! उलगडा असा झाला, की तिथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या लपवल्या जात नव्हत्या. ज्या विभागात प्रमुखाची भीती होती, तिथे नोंदी कमी व्हायच्या.

जळगावच्या डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात किंवा धुळ्याच्या अवधान एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये मनुष्यबळ विभाग वगैरे बहुधा नसतो. मालक किंवा सुपरवायझरचे तोंड हाच तो विभाग. ओव्हरटाइमचा दर कामाआधी सांगितला का, पगार लांबणार असेल तर ते महिनाअखेरीच्या आधी कळवले का, नातेवाईक कामगाराचा उशीर आणि परक्याचा उशीर एकाच मापाने मोजला का, यावरच माणसे अंदाज बांधतात. रात्रपाळीत यंत्राचा पट्टा घासताना ऐकू आला, तर ऑपरेटरने लगेच सांगायला हवे. मागच्या वेळी असे सांगणाऱ्याला चारचौघांत झापले गेले असेल, तर तो गप्प राहील आणि सकाळी बंद पडलेल्या यंत्रापुढे दिवसपाळीचे सगळे कामगार उभे असतील. म्हणून झापणाऱ्या मालकाने एखाद्या सोमवारी सगळ्यांना बोलावून 'त्या दिवशी माझं चुकलं' असे म्हटले, तर त्याचा पैशाचा खर्च शून्य असतो आणि पुढच्या बिघाडाची खबर वेळेत मिळायची शक्यता वाढते.