शिळा पेपर

२००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा मी वलगावात आठवी-नववीला इंग्रजी शिकवत होतो. मी स्वतः तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून शिकलेला. आधी नियम, मग वाक्य, एवढी एकच वाट ठाऊक.

ती वाट एका पावसाळी सकाळी सुटली. इंग्रजी पेपरातला मथळा मी फळ्यावर लिहिला: ‘रेन लॅशेस विदर्भ’. मागच्या बाकावरून हात वर आला. “सर, पाऊस तं काल पडून गेला. मंग ‘लॅश्ड’ पाहिजे ना?” व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे पोराचं बरोबर होतं. पण घडून गेलेली गोष्ट मथळ्यात साध्या वर्तमानकाळात येते, पुढची गोष्ट नुसत्या ‘टू’वर भागते, ‘फोर हेल्ड’मधला ‘वेअर’ गाळलेला असतो, हे त्या तासाला पोरांनीच रद्दी उलटून शोधून काढलं. मी फक्त फळा पुसत होतो.

त्या दिवसापासून मी वही घातली. नागपूरचा ‘हितवाद’ सकाळी स्टँडवर यायचा, सोबत एखादा मराठी पेपर घ्यायचो आणि एकच बातमी दोन्हींत शोधायला लावायचो. पुढे कळलं, ही युक्ती माझी नव्हेच. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढला, तोच एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असा. मराठी वृत्तपत्राचा जन्मच दोन भाषांच्या शेजारात झालेला आहे. याचा मला फार आधार वाटला.

त्या वहीचं पुस्तक करायचं ठरवलं. त्याचा पहिला खर्डा मात्र फसला. साठ कात्रणं चिकटवली होती. टंकून होईपर्यंत त्यांतले मंत्री बदलले, भाव बदलले, पोरांचा जीव त्यात रमेना. पुस्तकात छापला की पेपर शिळा होतो, हे समजायला मला दोन वर्षं लागली. मग सगळी कात्रणं काढून टाकली आणि कोणत्याही दिवसाच्या पेपरावर चालतील असे प्रश्नच तेवढे ठेवले. क्रियापद नसलेला मथळा शोधा. तुरीच्या भावाची ओळ तोंडी सांगा. हवामानाच्या चौकोनात ‘हेवी’ आणि ‘व्हेरी हेवी’ यांत किती मिलिमीटरचा फरक? पोरांना ती बातमीदाराची विशेषणं वाटायची. हवामान खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’. पेढी नदीकाठच्या घरांतली पोरं हा आकडा विसरली नाहीत.

एप्रिल २०२० मध्ये घरोघरी पेपर टाकणं बंद झालं, तेव्हा हेच प्रश्न मोबाइलवरच्या ई-पेपरवर चालले. कात्री तेवढी सुटली.

पुस्तकातलं एक पान अजून तसंच आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी आमच्या वलगावजवळ, पेढीच्या काठी देह ठेवला. एका २० डिसेंबरच्या पाठात मराठीत ‘पुण्यतिथी’ होतं आणि इंग्रजीत ‘डेथ अ‍ॅनिव्हर्सरी’. नववीतल्या एका मुलीनं दोन्ही शब्द खाली-वर लिहिले, बराच वेळ पाहिले. मग विचारलं, “सर, याच्यातलं पुण्य कुठी गेलं?”

त्या प्रश्नाखाली मी उत्तर छापलेलं नाही. चार रेघा कोऱ्या सोडल्या आहेत.