हृदयविकार हा श्रीमंतांचा रोग नव्हे!

हृदयविकार हा बंगलेवाल्यांचा रोग आहे, हा समज आमच्या समाजात फार खोल रुजला आहे. तूप-लोणी खाणारा, गाडीतून फिरणारा, पोट सुटलेला शेठ आणि त्याच्या छातीत आलेली कळ, हे चित्र नाटक-सिनेमांनी वर्षानुवर्षे आमच्या डोळ्यांसमोर उभे केले. घाम गाळणाऱ्याला टीबी होईल, कावीळ होईल. परंतु हार्ट अ‍ॅटॅक? तो आमच्या वाटेला कशाला येईल? हा समज खोटा आहे. इतकेच नव्हे, तर तो जीवघेणा आहे. कारण ज्याला हा रोग आपला वाटत नाही, तो छातीत कळ आली की सोडा पितो, ओवा चावतो आणि पडून राहतो.

हा समज खोडून काढणारा मोठा पुरावा मुंबईतच, सामान्य माणसांच्या दारात जाऊन गोळा झाला आहे. परंतु ज्यांच्या दारातून तो गेला, त्यांच्यापर्यंत तो परत आला नाही, हीच आमची तक्रार आहे.

१९९१ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपनगरे वगळून मूळ मुंबई शहरात एक पाहणी सुरू केली. गिरगाव, लालबाग, परळ, दादर हे सारे याच मूळ शहराचे भाग. मतदारयाद्या हाती घेऊन ३५ वर्षे व त्यावरील माणसांना घरोघर जाऊन प्रश्न विचारले गेले. १९९७पर्यंत ही संख्या १ लाख ४८ हजारांवर गेली. एक गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. उच्चभ्रूंच्या इमारतींत पहारेकऱ्यांमुळे प्रवेश मिळणे कठीण, म्हणून त्या वसाहती पाहणीतून वगळाव्या लागल्या. म्हणजे ज्यांची दारे उघडी होती, त्यांनीच विज्ञानाला उत्तरे दिली. ही सामान्य मुंबईकरांची, कष्टकऱ्यांची नोंदवही आहे!

या नोंदवहीत काय दिसले? पहिल्या सुमारे १ लाख माणसांपैकी ६९.३ टक्के पुरुष आणि ५७.५ टक्के स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. स्त्रियांची तंबाखू जवळजवळ सगळी बिनधुराची. मशेरी हे तिचे आपल्या घरातले नाव. शिक्षण जितके कमी, तितकी तंबाखू जास्त. पाचेक वर्षांनी संशोधक त्याच दारांशी परत गेले. तेव्हा साडेसात हजारांवर माणसे मरण पावली होती. हिशेब मांडला गेला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू न घेणाऱ्याच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला मरणाचा धोका ३७ टक्क्यांनी जास्त आणि विडी ओढणाऱ्याला ६४ टक्क्यांनी जास्त! विडी म्हणजे पानाची, देशी, निरुपद्रवी, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. मशेरी-तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांना हा धोका २५ टक्क्यांनी जास्त होता.

हे सर्व कारणांनी आलेले मृत्यू झाले. खास हृदयाचे काय? ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाने २००४ साली दाखवून दिले की, पहिल्या हृदयविकाराच्या झटक्याच्या धोक्यापैकी सुमारे ९० टक्के धोका नऊच गोष्टींशी बांधलेला आहे. तंबाखू, रक्तातील वाईट चरबी, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाच्या सवयी. यात कुठेही नशीब नाही, गेल्या जन्माचे पाप नाही, ग्रहदशा नाही. याच अभ्यासात नुसती विडी ओढणाऱ्यांत झटक्याचा धोका जवळजवळ तिप्पट आणि नुसती तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून अधिक आढळला. ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ असे दारूविषयी सांगितले जाते; दक्षिण आशियातील माणसांत त्या बोलण्याला आधार मिळाला नाही. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, भारत आणि शेजारच्या देशांत पहिला झटका येण्याचे मधले वय ५३ होते. इतर देशांत ते ५९ होते. सहा वर्षे आधी! घरातला कर्ता माणूस, मुलांची शिक्षणे अर्धवट असताना जातो, त्याचा हा आकडा आहे.

इथे काही सुशिक्षित मंडळी लगेच नाक मुरडतील. ‘यांना सवयीच वाईट. तंबाखू सोडत नाहीत, मग मरणार नाहीत तर काय?’ आम्ही तंबाखूची वकिली करीत नाही. परंतु सवय आकाशातून पडत नाही. गिरणीत कापसाच्या ढिगाऱ्याशेजारी विडी पेटविता येत नव्हती, म्हणून चुना-तंबाखूची चिमूट ओठाखाली गेली. रात्रपाळीची झोप तिने हटविली. भूकही तिनेच मारली. आमच्या माणसाला तर गिरणीतही जात सोडून गेली नव्हती. धोट्याचा धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराच्या विणकाम खात्याचे दार त्याला बंद होते. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसास लावला, तो याच गिरणगावात. कमी पगार, जास्त काम आणि वर अपमान. मनावरचा ताण म्हणून शास्त्रज्ञ ज्याची आज नोंद करतात, तो आमच्या आजोबांनी हजेरीपटाबरोबरच उचलला होता.

ताणाची ही गोष्ट भावनेची नाही, मोजलेली आहे. लंडनमध्ये १९६७पासून साडेसतरा हजार सरकारी नोकरदारांचा अभ्यास झाला. तो ‘व्हाइटहॉल’ या नावाने ओळखला जातो. हे सारे नोकरीवाले, कोणी उपाशी नाही. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई-हमालांना हृदयविकाराने येणारे मरण वरच्या अधिकाऱ्यांच्या साडेतीन पटींहून अधिक होते. विडीकाडी, रक्तदाब, चरबी यांचा हिशेब वजा केला तरी निम्म्याहून अधिक फरक शिल्लकच राहिला. आणि हा फरक फक्त वरचा आणि खालचा असा नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस आपल्या वरच्या पायरीच्या तुलनेत अधिक मरत होता. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. लंडनच्या डॉक्टर मायकेल मार्मट यांना कचेरीच्या कागदांत तशीच उतरंड माणसांच्या हृदयावर कोरलेली सापडली! जिथे जन्मानेच पायरी ठरते, तिथे या उतरंडीचा मार किती असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

उपासमारही मागच्या पिढीबरोबर संपत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. बाळ लहान, स्नायू कमी; परंतु अंगातली चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशी बाळे मोठी झाली, त्यांना पोटभर पण निकस अन्न मिळू लागले की मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो. म्हणून ‘मी तर काडीसारखा, मला काय होणार?’ हे म्हणणे चुकीचे आहे. आईच्या पोटातली भूक लेकराच्या रक्तात उतरते. मुलींना शेवटी आणि उरलेले वाढणारी घरे याचा विचार करतील काय?

आता उपचाराचे बोलू. परळच्या केईएम रुग्णालयाचा इतिहास मोठा आहे. १९२६ साली उभ्या राहिलेल्या महापालिकेच्या या रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. जगातले पहिले हृदयारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. परंतु गरिबांच्या रुग्णालयात जगाच्या बरोबरीचे विज्ञान होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

मग गरीब अधिक का मरतो? याचेही उत्तर संशोधनाने दिले आहे. २००१ ते २००५ या काळात देशातील ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत आलेल्या २० हजारांवर हृदयरुग्णांची नोंद झाली. ‘क्रिएट’ या नावाची ही नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. तीस दिवसांच्या आत श्रीमंतांपैकी ५.५ टक्के दगावले, गरिबांपैकी ८.२ टक्के. चरबी कमी करणारी औषधे ६१ टक्के श्रीमंतांना मिळाली, गरिबांपैकी फक्त ३६ टक्क्यांना. अँजिओप्लास्टी १५ टक्के श्रीमंतांची झाली आणि गरिबांपैकी अवघ्या २ टक्क्यांची. संशोधकांनी उपचारातला हा फरक हिशेबातून काढून टाकला, तेव्हा मरणातला फरकही नाहीसा झाला. याचा अर्थ साधा आहे. गरिबाचे शरीर कमकुवत म्हणून तो गेला नाही. त्याला औषध मिळाले नाही म्हणून तो गेला.

यात वेळेचाही वाटा आहे. कळ आल्यापासून रुग्णालयात पोहोचायला या रुग्णांना मधला वेळ सहा तास लागला. हृदयाची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की स्नायू मिनिटामिनिटाने मरतो. १९८८ साली १७ हजार रुग्णांवर झालेल्या एका जागतिक चाचणीत ॲस्पिरिन आणि गुठळी विरघळविणारे इंजेक्शन ही दोन्ही दिल्याने सुरुवातीच्या पाच आठवड्यांतले मृत्यू सुमारे ४२ टक्क्यांनी कमी झाले. ॲस्पिरिन ही काही पैशांची गोळी आहे! परंतु ती गोळी आणि ते इंजेक्शन माणूस दारात पोहोचला तरच कामाचे. केईएमच्या भिंतीला लागून राहणारा माणूसही ‘गॅस झाला असेल’ म्हणत रात्र काढतो, तेव्हा भिंतीपलीकडचे विज्ञान त्याच्यापासून शेकडो मैल दूर असते. आणि कंत्राटी कामगाराला डॉक्टरपेक्षा आधी उद्याचा खाडा आठवतो.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अडारकर यांच्याकडे देण्यात आले. त्यातूनच पुढे १९४८चा कामगार राज्य विमा कायदा आला. परळचे महात्मा गांधी कामगार विमा रुग्णालय याच व्यवस्थेचा भाग. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. नोकरीबरोबर विम्याचे कार्डही गेले. ज्या वयात रक्तदाब आणि मधुमेह अंगावर येतात, नेमक्या त्याच वयात दवाखान्याचा हक्क गेला. त्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या टॉवरांची उंची सर्वांना दिसते, हे नुकसान कोणी मोजले?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात रक्तदाब, मधुमेह आणि चरबीची औषधे बाराही महिने मिळाली पाहिजेत. ‘बाहेरून आणा’ ही चिठ्ठी बंद झाली पाहिजे. दवाखाना कामगार घरी येतो त्या वेळी उघडा हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे उपचार आहेत, ते दारातून परत न पाठविता मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०१७मध्ये सरकारने स्टेंटची किंमत बांधली, तेव्हा लाख-दीड लाखाला मिळणारा औषधी लेप असलेला स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. दबाव आला की नफा वाकतो, हे लक्षात ठेवावे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. टपरीवर तो कसा मिळतो, हे पोलिसांना विचारले पाहिजे.

परंतु सरकारची वाट पाहत बसणे आमच्या चळवळीला शोभत नाही. प्रत्येक विहारात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र ठेवता येईल. वंदनेनंतर पंधरा मिनिटे, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे बीपी मोजावे आणि वहीत लिहावे. १४०/९० किंवा त्याहून वर आकडा पुन्हा पुन्हा आला तर दवाखाना गाठावा. रक्तदाब दुखत नाही, म्हणूनच तो फसवितो. बरे वाटले म्हणून गोळी सोडू नये. दिवसाला एका माणसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा मीठ पुरे; लोणचे, पापड, सुकट, फरसाण यांतले मीठही त्यातच धरावे. महिला मंडळांनी मशेरीचा तवा चुलीवरून कायमचा उतरवावा. छातीत दाब, घाम, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, स्त्रियांत नुसती धाप आणि गळून गेल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठावे. सकाळची वाट पाहू नये.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने आणि रक्तदाबाने त्रस्त होते. वयाच्या अवघ्या ६५व्या वर्षी आपण त्यांना गमावले. त्यांच्या हातून आणखी किती काम झाले असते! आमच्या वस्त्यांतून पन्नाशीत उठून जाणारा प्रत्येक कार्यकर्ता, प्रत्येक आई, प्रत्येक बाप हाही चळवळीचाच तोटा आहे. मुंबईच्या दीड लाख माणसांनी दार उघडून विज्ञानाला उत्तरे दिली. ते उत्तर आता मराठीत, विहारात आणि चाळीच्या गॅलरीत वाचून दाखविणे, हे आपले काम आहे. या रविवारीच सुरुवात करावी.